लोखंडाची माफी

"राखून ठेवलेला डाव आज तरी सांगणार का, वस्ताद?"

वैजयंताने हे नेमकं याच शब्दांत विचारलं होतं का, याची मला आता खात्री नाही. 'आज तरी' हे शब्द तिचे की मागाहून माझ्या मनाने घातलेले, यावर मी बराच वेळ घालवला आहे. या वयात आठवणीवर किती भार टाकावा, कळत नाही.

पण सूर पक्का आठवतो. त्यात विनंती नव्हती.

हिंदुराव चौगुले वस्ताद ग्राइंडरवर टूलला धार लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठला डाव?"

"तालमीतला वस्ताद शंभर डाव शिकवतो आणि एक राखून ठेवतो. सगळ्या कोल्हापूरला ठाऊक हाय. तुम्ही तर तालमीतलेच."

"मग?"

"मग लेथवरचा बी एक राखला असणार की."

वस्तादांनी ग्राइंडर बंद केला. टूलचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिलं. पांढऱ्या मिशीवर बोट फिरवलं.

"डाव राखतो तो भित्रा वस्ताद. पोरगं उद्या आपल्यालाच चितपट करील म्हणून. मी भित्रा वाटलो तुला?"

"न्हाई."

"मग?"

"मग तुमच्या तुकड्यासारखा माझा तुकडा का येत न्हाई?"

वस्तादांनी ग्राइंडर परत चालू केला.

मी खिडकीशी बसलो होतो. मी तेव्हा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत होतो, आणि पोलादाच्या कातकामात पृष्ठभाग किती गुळगुळीत किंवा किती खडबडीत निघतो, या एवढ्याशा गोष्टीवर प्रबंध लिहीत होतो. उद्यमनगरातला वस्तादांचा कारखाना ही माझी दुसरी प्रयोगशाळा. कॉलेजचं मोजणीयंत्र मी परवानगी काढून तिथे आणून ठेवलं होतं. त्यात हिऱ्याची एक बारीक सुई असते. ती लोखंडावरून हळूच सरकते आणि डोळ्यांना न दिसणारे डोंगर आणि दऱ्या कागदावर काढून दाखवते.

वस्तादांबद्दल कोणाची गैरसमजूत नको. ते साधेभोळे मिस्त्री नव्हते. मुंबईच्या तांत्रिक शाळेत शिकलेले, परदेशी मासिकं पोस्टाने मागवणारे, आणि स्वतःबद्दल अतिशय चांगलं मत असलेले गृहस्थ. "पंचगंगेच्या अल्याड-पल्याड माझ्यासारखा टर्नर दाखवा," असं ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत. कोणी दाखवू शकलं नव्हतं.

वैजयंता सुतार त्यांची शिष्या. आयटीआयला टर्नरच्या वर्गात एकटी मुलगी, आणि पहिली आलेली. कोल्हापूरकडच्या बायकांच्या रीतीप्रमाणे ती स्वतःबद्दल 'आलो, गेलो, करतो' असंच बोलायची. ताठ चालायची. कारखान्यात शिरताना दाराची चौकट तिला ठेंगणी पडेल की काय, असं वाटायचं.

त्या खेपेला प्रश्न एका शाफ्टचा होता.

पलीकडच्या तालुक्यातल्या साखर कारखान्याचा तो शाफ्ट. उसाचा रस काढणाऱ्या मोठ्या रोलरचा. माणसाच्या कमरेएवढा जाड, पोलादी, आणि एकच. घडवून आला होता, खडबडीत कातून झाला होता. राहिला होता तो शेवटचा हात, जिथे शाफ्ट बेअरिंगमध्ये बसतो तेवढ्या भागावरचा. तो भाग खरखरीत राहिला तर बेअरिंग खाऊन टाकतो. जास्त कातला गेला तर शाफ्ट भंगारात. दुसरा घडवून येईपर्यंत ऊस शेतात वाळून जाणार.

आणि वस्तादांनी जाहीर केलं होतं : हा शाफ्ट जो करील, तो खंडेनवमीपासून माझ्या लेथवर बसेल. मी त्यावरून उठलो म्हणून समजा.

वैजयंताला तो शाफ्ट हवा होता.

"मी करतो," ती म्हणाली.

"कर की. आधी एवढासा तुकडा कर. माझ्या तुकड्याच्या तोडीचा."

वस्तादांचा तुकडा खिडकीत ठेवलेला असे. मनगटाएवढा पोलादाचा दांडा, वस्तादांनी तरुणपणी कातलेला. त्यावर रोज तेलाचं फडकं फिरे. कारखान्यात कोणी फार बोलू लागलं की वस्ताद नुसती त्याच्याकडे मान वळवत.

"बास?"

"बास. पॉलिश पेपर लावायचा न्हाई. टूलनं जे येईल ते."

"कळलं की. मी काय कल्हई करायला आलो व्हय?"

कोपऱ्यातल्या मशिनवरून संपत हसला. तो वस्तादांचा पुतण्या. शाफ्ट आपल्यालाच मिळणार असं त्याने घरी सांगूनही टाकलं होतं.

तिने त्या दिवशीचा पहिला तुकडा कातला. चांगला होता. माझ्या सुईने मोजला. वस्तादांच्या तुकड्याहून दुप्पट खरखरीत निघाला.

ती माझ्याकडे वळली.

"सर, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता. फीड कमी केलं तर काय होतं?"

लेथवर लोखंड फिरतं आणि टूल त्याच्या कडेने सरकत जातं. लोखंडाच्या एका फेरीत टूल जेवढं सरकतं, ते फीड. टूल मागे रेघा सोडत जातं, उसाच्या सऱ्यांसारख्या. फीड मोठं, तर सऱ्या रुंद आणि खोल. फीड लहान, तर सऱ्या अरुंद आणि उथळ.

"फीड निम्मं केलं की खरखर चौथाईवर येते," मी म्हटलं. "कागदावर तरी."

वस्ताद म्हणाले, "बरोबर हाय. माझ्या पुस्तकात बी हाय ते."

मी पुढे बोलणार होतो. वस्तादांनी मिशीवर आडवं बोट धरलं. ते बोट माझ्यासाठी होतं.



तिने फीड कमी केलं. तुकडा कातला. मी सुई लावली. खरखर उतरली होती.

"बघा!"

अजून कमी केलं. अजून उतरली.

आता ती शीळ घालू लागली. संपतकडे पाहून तिने पदराने हात पुसले.

"संपतराव, घरी सांगून ठेवा. शाफ्टचं तेवढं रद्द झालं म्हणून."

"अजून वस्तादांच्या तुकड्याला शिवली न्हाईस, वैजाबाई."

"शिवतो की. संध्याकाळपत्तूर शिवतो."

तिने फीड अजून खाली आणलं. मशिनला जी सगळ्यात लहान पायरी होती, तिच्यावर. आणि एवढं जपून चाललो आहोत तर सगळंच जपून करावं म्हणून तिने लेथचा वेगही उतरवला. कटही घेतला तो केसाएवढा. टूल लोखंडाला लागलं आहे की नाही, हे बघायला वाकावं लागे.

लेथ हळू फिरत राहिला. वेळ गेला. संपतचा चहा पिऊन झाला, पुन्हा एकदा झाला.

तुकडा निघाला.

त्यावर उजेड पडेना. पीठ भुरभुरल्यासारखा मळकट दिसत होता. नख फिरवलं तर अडखळत होतं.

मी सुई लावली. मग परत लावली, कारण मला यंत्राचीच शंका आली. आकडा वर गेला होता. पहिल्या तुकड्याच्याही वर.

"यंत्र बिघडलंय," ती म्हणाली.

मी वस्तादांचा तुकडा सुईखाली धरून दाखवला. यंत्र ठीक होतं.

"मग टूल बोथटलंय."

तिने टूलला धार लावली. परत कातलं. तसंच.

"पट्टा सरकतोय."

पट्टा ताणला. तसंच.

लोखंडाला मागून टेकू देणारा टेलस्टॉक तपासला, पुढून धरणारा चक घट्ट केला, लेथच्या पायाखालचा कचरा झाडला. टूल थंड ठेवणारं पांढरं पाणी धारेने सोडून पाहिलं. दिवस मावळतीला आला. तुकड्यांची रांग लागली, एकापेक्षा एक वाईट. तिची मान मात्र पहिल्यासारखीच ताठ होती. फक्त शीळ थांबली होती.

"वैजाबाई," संपत म्हणाला, "शाफ्टला पावडर लावून पाठवा की. लग्नाला उभा केल्यागत दिसंल."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. हातातला तुकडा घेऊन ती सरळ वस्तादांच्या समोर उभी राहिली.

"मी म्हटलो ते खरं हाय. तुम्ही डाव राखलाय."

कारखान्यात सगळे थांबले.

"संपतला शाफ्ट द्यायचा होता तर सरळ द्यायचा. मला दिवसभर नाचवलं कशापायी?"

वस्ताद खुर्चीत बसले होते. त्यांचे कान तालमीत मोडलेले होते, गाठी आलेल्या. ते रागावले की त्या गाठी लाल होत, असं लोक म्हणत. मी पाहिलं. लाल झालेल्या नव्हत्या.

"बस," ते म्हणाले.

"मी उभा बरा हाय."

"मग उभी राहा. संपत, ढेप आण."

कारखान्यात माणसांना चहाबरोबर शेंगदाणे-गूळ देण्याची पद्धत होती. नव्या हंगामाचा गूळ यायचा होता, पण वस्तादांच्या भावाने घरच्या उसाची एक ढेप आगाऊ करून पाठवली होती. अजून पुरती सुकलेली नव्हती. संपतने ती स्टुलावर आणून ठेवली, सुरी ठेवली.

वस्तादांनी सुरी उचलून वैजयंताच्या हातात दिली.

"काप."

"आता गूळ खायचा व्हय?"

"काप. पण आज दिवसभर जसं कापलंस तसं काप."

तिला आधी समजलं नाही. मग समजलं. ओठ मिटून तिने सुरी ढेपेवर टेकवली आणि हलकेच ओढली. परत हलकेच. सुरीच्या कडेला गूळ चिकटला. ढेपेवर भुगा जमला. ढेपेचं तोंड ओरबाडल्यासारखं झालं.

वस्तादांनी फडक्याने सुरी पुसली. परत तिच्या हातात दिली.

"आता भूक लागल्यासारखं काप."

तिने सुरी रोवली आणि एका दाबात खाली आणली.

गुळाची फोड बाजूला पडली. ढेपेची कापलेली बाजू चकचकत होती. तिच्यावर खिडकीतला उजेड सरळ उभा राहिला.



वस्तादांनी फोड उचलली, अर्धी तोंडात टाकली, अर्धी मला दिली. मग वैजयंताच्या शेवटच्या तुकड्यावरून अंगठा फिरवला.

"पोरी, हे कापलेलं न्हाई. ही लोखंडाची माफी मागितलीस तू."

त्यांनी तुकडा तिच्यापुढे धरला.

"'लागलं का रे बाबा? मी जरा जाऊ का रे बाबा?' असं म्हणत गेलीस दिवसभर. लोखंड कशाला वाट देईल? ते टूलला चिकटलं, टूलसंगं फरफटत गेलं, आणि तुझ्याच कामावर फासलं."

"मी चूक होऊ नये म्हणून..."

"व्हय. चूक होऊ नये म्हणून. कोणी नाव ठेवू नये म्हणून. ही पोरगी हाय, हिनं बिघडवलं, असं कोणी म्हणू नये म्हणून."

तिची मान पहिल्यांदाच थोडी खाली गेली. वस्ताद एकदम खेकसले.

"मान खाली घालायला मी सांगितलं व्हय?"

तिने मान वर केली.

"एवढी ताठ चालतीस. मला आवडतं ते. मी बी तसाच चालतो. पण तुझा ताठा सगळा मानेत हाय, हातात आलाच न्हाई. दारातनं येताना राणी आणि लेथपुढं मोलकरीण. हे कसं चालायचं?"

गर्विष्ठ शिष्याला गुरूने नमवल्याच्या गोष्टी मी पुष्कळ वाचल्या आहेत, ऐकल्या आहेत. गुरूने शिष्याला त्याचा गर्व पुरेसा नाही म्हणून झापलेलं मी ते एकदाच पाहिलं. निदान मला तसं समजलं. माझ्या समजण्यात चूक असू शकते.

ती लेथकडे गेली.

तिने वेग वाढवला. पहिल्यांदा होता त्याहून वर नेला. फीड दोन पायऱ्या मोठं केलं. कट असा घेतला की टूल लागल्याचं लांबून दिसलं. लोखंडाचा कीस निळसर होऊन, वळ्यांनी, सुटा होऊन पाटीत पडू लागला. आवाजातला किरकिराट गेला. लेथ एका सुरात बोलू लागला.

तुकडा निघाला. तिने तो माझ्याकडे आणला नाही. वस्तादांपुढे धरला.

वस्तादांनी मला खूण केली. मी सुई लावली.

आकडा मी मोठ्याने वाचला नाही.  कागद वस्तादांपुढे धरला. वस्तादांच्या तुकड्याचा आलेख एका बाजूला, तिचा दुसऱ्या. तिच्या रेषेतल्या दऱ्या जास्त उथळ होत्या.

वस्तादांनी चष्मा लावून दोन्ही रेषा पाहिल्या. चष्मा काढला. उठून खिडकीशी गेले. फडक्यावरून स्वतःचा तुकडा उचलला, हातात तोलला.

आणि भंगाराच्या पाटीत टाकला.

तो आवाज मला अजून आठवतो. याबद्दल मात्र मला शंका नाही.

"वस्ताद!" संपत ओरडला आणि पाटीकडे धावला.

"राहू दे तिथं," वस्ताद म्हणाले. "खिडकीत जागा नव्हती."

ते जाऊन परत खुर्चीत बसले. ढेपेची आणखी एक फोड कापून त्यांनी संपतच्या हातावर ठेवली. संपतने ती खाल्ली. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "शाफ्ट उचलायला साखळी उद्या सकाळीच बांधूया का, वैजाताई?"

बाईचं ताई झालेलं सगळ्यांनी ऐकलं. कोणी हसलं नाही.

शाफ्ट लेथवर चढवायच्या दिवशी साखर कारखान्याचे मुख्य अभियंता शिरगावकर स्वतः आले. हंगामाची तारीख ठरलेली, बॉयलर पेटवायला पाहुणे बोलावलेले. माणूस रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. लेथपाशी वैजयंताला पाहून ते थबकले.

"वस्ताद, तुम्ही करणार होतात ना?"

"ही करणार."

"तसं नव्हे... बाईंच्या हुशारीबद्दल प्रश्न नाही. पण एकच शाफ्ट आहे."

"म्हणून तर ही करणार. दोन असते तर एक मी केला असता."

"तुमच्या नावावर आम्ही काम दिलंय."

"माझंच नाव लागंल. हिचं काम बिघडलं तर बोर्डावरचं माझं नाव काढून टाका. शिडी मी स्वतः धरतो."

शिरगावकर माझ्याकडे पाहू लागले, शिकलेल्या माणसाने मधे पडावं म्हणून.  तुकडा वेगळा आणि शाफ्ट वेगळा, हे मला ठाऊक होतं. तुकडा काही मिनिटांत संपतो. शाफ्टवर हात चालू झाला की पाऊण तास टूल लोखंडातच असतं. मधे थांबवता येत नाही. थांबवलं की तिथे वळ उमटतो, कायमचा. आणि एवढा वेळ कापता कापता टूल झिजतं. सुरुवात आरशासारखी आणि शेवट खरबरीत, असे शाफ्ट मी पाहिले होते.

मी म्हटलं, "तिचा तुकडा मी मोजला आहे." याहून जास्त धीट वाक्य मला सुचलं नाही.

वस्ताद लेथपाशी गेले. वेग लावला. फीडची दांडी स्वतःच्या हाताने एका पायरीवर नेऊन ठेवली.

"यावर राहू दे," ते म्हणाले. "या शाफ्टला हेच फीड मी आयुष्यभर लावलंय."

"व्हय, वस्ताद."

"टूल?"

"टूलला धार मी लावतो," ती म्हणाली.

"लाव."

मग त्यांनी आपली खुर्ची उचलली. अंगणात नेली, कडुनिंबाखाली ठेवली, आणि लेथकडे पाठ करून बसले.

शिरगावकर आतच राहिले. मी बाहेर आलो. मला आत उभं राहवेना.

आतून ग्राइंडरचा आवाज आला. टूलला धार लावण्यापुरता असतो त्याहून थोडा जास्तच वेळ तो चालला, असं मला वाटलं. मग शांतता. मग लेथच्या दिशेने एक बारीकसा 'खट्'.

निदान मला तसं ऐकू आल्यासारखं वाटलं.

मी वस्तादांकडे पाहिलं. ते समोरच्या रस्त्यावरून उसाच्या मोळ्या घेऊन जाणारी बैलगाडी बघत होते.

"वस्ताद, तिनं दांडी हलवली की काय?"

"चहा आला का बघा, सर."

"पण आताच थांबवलं तर..."

"साखर कमी सांगा. कालचा लई गोड होता."

लेथ सुरू झाला.

मोठ्या लोखंडाचा आवाज लहानासारखा नसतो. तो जमिनीतून येतो. खुर्चीच्या पायांतून येतो. पाऊण तास मी त्या आवाजात एक तरी खोट सापडते का म्हणून कान देऊन बसलो. सापडली नाही, आणि न सापडल्यामुळे माझी काळजी वाढत गेली. वस्तादांनी चहा घेतला. रस्त्यातल्या दोघातिघांचे रामराम घेतले. एकाला, तुझ्या म्हशीचं काय झालं, असं विचारलं.

एकदाही त्यांनी मान मागे केली नाही.

लेथ थांबला.

 मी उठून दारात गेलो. शिरगावकर शाफ्टवर वाकले होते. त्यांनी एका टोकापासून नख लावलं आणि दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेलं. सावकाश. मग परत उलट. नख कुठेही अडलं नाही, कुठेही घसरलं नाही.

ते सरळ उभे राहिले. वैजयंताकडे वळले. त्यांनी हात जोडले.

तिने हात जोडले नाहीत. तिचे दोन्ही हात तेलाने माखलेले होते. तिने नुसती मान हलवली, एखाद्या बरोबरीच्या माणसाला हलवावी तशी.

मग ती अंगणात आली.

"वस्ताद, झालं."

"बरं."

"बघायला येता न्हवं?"

"मी कशाला बघू?"

ती त्यांच्या पाठीमागे उभी होती. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. मला वाटलं ती रडेल. ती हसली. आणि त्यांच्या पायांना हात लावायला पुढे येऊ लागली, तेवढ्यात वस्ताद म्हणाले, "हात धू आधी. धोतर नवं हाय."

खंडेनवमीला मशिनं बंद होती. झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, नारळ. वस्तादांच्या लेथवर चकची चावी ठेवून तिची पूजा करायची रीत होती. त्या वर्षी चावी वैजयंताने ठेवली. खिडकीतल्या फडक्यावर तिचा तुकडा होता. तो तिथे संपतने ठेवला होता, असं नंतर कळलं.

त्यानंतर शहरातल्या कारखानदारांनी बोर्डावरचं नाव वाचून यायचं आणि आत एका बाईला विचारायचं, असा शिरस्ता पडला. मी ज्या गावात शिकवलं त्या गावात हे घडलं, याचा मला अभिमान आहे. माझ्या प्रबंधाचा मला तेवढा वाटत नाही. त्यातल्या एका प्रकरणाबद्दल तर अजूनही शंका आहे.

पुढे मी निवृत्त झालो. साखर कारखान्याने उसाची जुनी गिरणी बदलून नवी बसवली, तेव्हा तो शाफ्ट बाहेर निघाला. कितीतरी हंगाम त्याने उसाचे डोंगर पिळून काढले होते. शिरगावकरांच्या जागी आलेल्या तरुण अभियंत्याला मी विनवलं आणि माझी सुई घेऊन गेलो.

बेअरिंगमधला भाग वापरून वापरून चकचकीत झाला होता, तिथे वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण दोन्ही टोकांना बोटभर पट्टा असा असतो, जिथे बेअरिंग पोचत नाही. तिथे टूलच्या मूळ रेघा तशाच होत्या. काजळी पुसली आणि सुई लावली. एका टोकाला. मग दुसऱ्या.

दोन्ही टोकांच्या रेघा सारख्या होत्या. सुरुवात आणि शेवट यांत फरक नव्हता.

आणि दोन रेघांमधलं अंतर पाव मिलिमीटर होतं. वस्तादांनी दांडी जिथे ठेवली होती, त्याहून एक पायरी मोठं. टूलचं टोकही जास्त गोल घासलेलं होतं, त्यामुळे फीड मोठं असूनही सऱ्या उथळच राहिल्या. मी घरी येऊन हिशेब केला, मग परत केला. वस्तादांच्या पायरीवर तो हात संपायला जास्त वेळ लागला असता, आणि शेवटच्या टप्प्यात टूल झिजलं असतं. मोठ्या पायरीवर ते वेळेत पार झालं.

तो 'खट्' मी खरंच ऐकला होता.

वस्ताद तेव्हा फार थकले होते. खाटेवर भिंतीला टेकून बसायचे. मिशी मात्र त्यांनी त्या दिवशीही पिळलेली होती. मी दोन्ही टोकांचे कागद त्यांच्या हातात दिले. डोळ्यांना ते दिसत नव्हते, तरी त्यांनी ते धरून ठेवले.

मी सांगितलं, "वस्ताद, त्या दिवशी तिनं तुमचं ऐकलं नव्हतं."

वस्तादांनी कागदावरून अंगठा फिरवला.

"म्हणून तर मी वळून बघितलं न्हाई."